‘आमचाच’मधला च

७ जून

धाकटे साडू,

पत्र बघून दचकू नका, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनच करणार होतो, पण तो या दोघी बहिणींच्या, म्हणजे तुमच्या हिच्या आणि आमच्या हिच्या ताब्यात असतो. त्यांचं बोलणं संपेपर्यंत माझा राग निवेल, आणि मला तो गरमागरमच पाठवायचा आहे.

भिंगरी गेला. उजव्या बाजूने चेंडू घेऊन निघाला की समोरच्याला स्वतःचेच पाय सापडायचे नाहीत, तो आपला भिंगरी. हिरवी जर्सी उतरवली आणि तिप्पट पगारावर निळी चढवली. दुनियेत इतके क्लब पडलेत, पण गेला कुठे, तर खेकड्यांकडे. ज्यांच्या छातीवर खेकडा आहे आणि जे चालतातही तसेच तिरके, त्यांच्याकडे. म्हणजे तुमच्याच गावात. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते हेच.

दुकानात सकाळपासून रांग आहे. प्रत्येकाला जर्सीच्या पाठीवरून त्याचं नाव उसवून हवंय. दोन वर्षं ज्या मशीनवर मी हे नाव शिवलं, तिच्याच शेजारी बसून आता ब्लेडने टाके काढतोय. गाडी चालवायला शिकवणारे मास्तर म्हणाले, नाव काढा आणि तिथे माझ्या बायकोचं घाला, ती तरी सोडून जात नाही. बायको दारातच उभी होती. ती म्हणाली, अजून कुणी तिप्पट देतो म्हणालं नाही म्हणून.

आता प्रश्न आपल्या कापडाचा आहे. ‘भिंगरी आमचाच’ हे दारभर उंच अक्षरांचं कापड मी शिवलं आणि त्याचं एक टोक मी, एक तुम्ही, असं आपण प्रत्येक सामन्याला धरलं. तुम्ही गाव बदललंत तेव्हापासून तुमचं टोक मी स्टँडच्या कठड्याला बांधतो. कठडा पेनल्टीच्या वेळी तुमच्यासारखे डोळे मिटून घेत नाही, एवढाच काय तो फायदा. आपल्या चाहत्यांच्या कमिटीचे अध्यक्ष, सलूनवाले, म्हणतात की नोव्हेंबरात खेकडे इथे खेळायला येतील तेव्हा त्याच कापडावर ‘गद्दार’ असं झळकलं पाहिजे. शिवायचं अर्थात मी. मी हो म्हणून बसलोय.

तुम्ही तिथे बर्फाच्या कारखान्यात मेकॅनिक असता. रस्त्यात तो दिसलाच तर पाठ फिरवा. तुमचं जाणं निराळं होतं, ते पोटासाठी होतं.

तुमचा,
थोरला साडू


१८ जून

साडूभाऊ,

तुमचा राग गरमच पोचला, पाकीट धरवेना.

मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण थोडं सबुरीनं घ्या. फुटबॉलवाल्याचं दुकान त्याच्या गुडघ्यात असतं. तुमची मशीन बिघडली तर तुम्ही दुसरी आणाल, त्याने दुसरा गुडघा कुठून आणायचा? भिंगरीचा डावा आधीच कुरकुरतो. चार वर्षं मिळवील, मग आयुष्यभर तीच पुरवायची आहेत.

आणि एक विचारतो, रागावू नका. आपला म्हातारा गोलकीपर आठवतो का? त्याने अख्खं तारुण्य आपल्या गोलात उभं राहून काढलं, आणि क्लबने त्याला दोन ओळींची चिठ्ठी देऊन घरी पाठवलं. तेव्हा आपण तुमच्या दुकानाच्या बाकावर बसून हळहळलो आणि चहा प्यालो. क्लबला गद्दार म्हणणारं कापड काही तुम्ही शिवलं नाही. निष्ठा काय एकट्या खेळाडूनेच ठेवायची?

सोबत माझा कामाचा कोट पाठवतोय. कंप्रेसरच्या पट्ट्यात अडकून बाही फाटली आणि आतलं अस्तरही गेलंय. इथल्या शिंप्याकडे दिला होता, पण त्याला माझा उजवा खांदा उतरता आहे हे पटेना, त्याने दोन्ही सारखे केले. आता मी कोट घातला की कुणी मागून खुंटीला टांगलंय असं वाटतं. खांदा तुम्हालाच माहीत, तुम्हीच बघा.

तुमचा,
धाकटा


२ जुलै

धाकटे साडू,

गोलकीपरचं नाव काढून तुम्ही माझ्या वर्मावर बोट ठेवलंत. त्याला उत्तर नाही माझ्याकडे, म्हणून मी ते मोठ्या आवाजात देतो. क्लब ही इमारत आहे. इमारतीला लाज नसते. माणसाला असावी.

पण तुम्हीही जपून बोला. सलूनमध्ये तुमचं पत्र मी वाचून दाखवलं (तुमचं नाव न घेता, ‘एक शहाणे गृहस्थ’ म्हणून), तर अध्यक्षांनी हातातला वस्तरा थांबवून विचारलं, या शहाण्याला भिंगरीचा डावा गुडघा कुरकुरतो हे कुठून कळलं? पेपरात तर आलेलं नाही. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या एकाच गालाला साबण होता, तोही म्हणाला, खरंच की. मी सांगितलं, आमचे साडू पाच वर्षं कठड्याशी उभे राहिलेत, त्यांना चालीवरून कळतं. बरोबर ना?

कोटाचं पार्सल आलंय. लग्नाच्या ऑर्डरी आहेत, त्या संपल्या की उघडतो.

थोरला


११ जुलै

श्री. मेकॅनिक यांस,

कोट उघडला. बाही शिवता येण्यासारखी आहे.

डाव्या खिशावर काहीतरी लावलेलं होतं ते तुम्ही काढून पाठवलंत. दोरा नीट वेचलात, मानलं. पण दोरा वेचला म्हणून भोकं बुजत नाहीत. कोट खिडकीशी उजेडात धरला. भोकांची रेघ वर गेली, दोन्हीकडे फाटली, आणि दोन नांग्या झाल्या. खाली आठ पाय मोजले.

बर्फाचा कारखाना आहे म्हणालात. कारखान्यांना छातीवर खेकडा लागत नाही.

शिंपी


२० जुलै

साडूभाऊ,

‘श्री. मेकॅनिक’ वाचलं आणि जेवण गेलं नाही. आमच्या हिने पत्र वाचलं आणि म्हणाली, बरं झालं, मांजर डोळे मिटून किती दिवस दूध पिणार होतं.

होय. मी खेकड्यांच्याच नोकरीत आहे. त्यांच्या मैदानाखाली एक खोली आहे, तिथे बर्फाची मोठी मशीन आहे आणि ती मी चालवतो. खेळाडू सरावानंतर बर्फाच्या टबात बसतात, तो बर्फ माझा. जुन्या जागी जे मिळायचं त्याच्या दुप्पट मिळतं, घर मिळालं, म्हणून आलो. तुम्हाला सांगायला तोंड उघडलं होतं. तुम्ही त्याच वेळी कापडाचं टोक माझ्या हातात देऊन म्हणालात, साडू, हे टोक तुमच्याशिवाय कुणाला शोभत नाही. मग मी कारखाना म्हणालो. एकदा म्हणालो की तेच धरून बसावं लागलं.

गुडघ्याचं आता कळलं असेल. पहिल्या दिवशी भिंगरी टबात उतरला तेव्हा मी मुद्दाम मशीनच्या मागे उभा राहिलो. तुम्ही सांगितलं होतं तशी पाठ केली. तर हा आपल्या स्टँडची शीळ वाजवायला लागला, ती आपली कॉर्नरच्या आधीची. माझ्याही तोंडून पुढची निघून गेली. तो पाण्यातून अर्धा उठला. म्हणाला, तुम्ही हिरव्यांचे? मी म्हणालो, हळू बोला, माझी नोकरी आहे. तो म्हणाला, माझीही.

तेव्हापासून शनिवारी हिरव्यांचा काय निकाल लागला हे आम्ही दोघं बर्फाच्या खोलीत कुजबुजत बोलतो. त्याने एकच गोष्ट विचारली, ती तुम्हाला कळवायला हवी. ‘भिं’वरचं टिंब शिवताना तुमचं पांढरं कापड संपलं होतं आणि तुम्ही ताईंच्या स्वयंपाकाच्या लाल एप्रनचा खिसा कापून लावलात, आठवतं ना, किती बोलणी खाल्लीत. तो म्हणाला, मी कॉर्नर मारायच्या आधी नेहमी ते लाल टिंब शोधायचो, ते दिसलं की पाय स्थिर व्हायचा, ते अजून आहे का? मी म्हणालो, आहे. ‘गद्दार’चं सांगायचा मला धीर झाला नाही. त्या शब्दात टिंबही नाही.

साडूभाऊ, तो पैशासाठी आला आणि मीही पैशासाठीच आलो. त्याला जो शब्द शिवाल तो मला आधी बसेल, तुमचं माप चुकत नाही. शिव्या द्यायच्या तर मला द्या, पण ‘शिंपी’ म्हणून सही करू नका. मला इथे काहीही कमी नाही, फक्त शनिवारी दुपारी हात रिकामे वाटतात.

खिशावरचा खेकडा पाकिटात घातलाय. काय करायचं ते करा.

तुमचाच,
धाकटा


१४ सप्टेंबर

साडूभाऊ,

उत्तर नाही. ताई फोनवर म्हणतात की तुम्ही व्यवस्थित जेवता आणि व्यवस्थित भांडता, म्हणजे तब्येत चांगली आहे.

कोटाची घाई नाही, पण बर्फाच्या खोलीत कोटाशिवाय दात वाजतात. भिंगरीने दया येऊन स्वतःचा जुना ट्रॅकसूट दिला. तो हिरवा आहे. वरून निळं जाकीट घालतो आणि गळ्यापर्यंत चेन लावून घेतो. खेकड्यांच्या ऐन तळघरात एक हिरवा माणूस बर्फ करतोय, हे तुम्हाला आवडेल म्हणून कळवलं.

धाकटा


३ नोव्हेंबर

धाकटे साडू,

एवढे दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला बसलो की शब्द तिखट यायचे आणि ते पाठवायचे नव्हते. तुम्ही खेकड्यांचा पगार घेता याचा राग फार नव्हता. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, एवढी समज मला आहे. राग याचा होता की तुम्ही गेलात, आणि मी ‘जा, सुखाने जा’ असं म्हणून हसत निरोप दिला, आणि घरी येऊन कापडाची घडी घालताना मला ते दोन हातांत मावेना. त्या रागाला कुणाच्या तरी नावाने ओरडायची सोय हवी होती. भिंगरी आयता सापडला.

आता कालची गोष्ट सांगतो. अध्यक्ष सकाळी ‘गद्दार’चे कागदी साचे घेऊन आले. द्द चा साचा इतका मोठा की दारातून आडवा आणावा लागला. मी दुकानात जमिनीवर कापड पसरलं आणि जुनी अक्षरं उसवायला बसलो. शिवण उसवायची ती शेवटच्या टाक्यापासून. म्हणून पहिला हात लागला तो शेवटच्या च ला. तो सुटला, मी बाजूला ठेवला, पाणी प्यायला उठलो आणि परत येताना कापडाकडे बघितलं.

‘भिंगरी आमचा’ असं लिहिलं होतं.

मी ब्लेड खाली ठेवलं. एवढा वेळ मी समजत होतो की आपलं प्रेम त्या कापडावर आहे. प्रेम ‘आमचा’पर्यंतच होतं. पुढचा च नुसता हट्ट होता. आमचाच म्हटलं की त्याने कुठे जायचं नाही, दुसऱ्याचं खायचं नाही, म्हातारा झाला की मात्र दोन ओळींची चिठ्ठी घेऊन घरी जायचं. आमचा म्हटलं की तो गेला तरी चालतो. व्याकरणात मी कायम नापास, पण हे कळलं.

अध्यक्षांना म्हणालो, पुढचं उसवणार नाही. ते भडकले. म्हणाले, उचलली जीभ लावली टाळ्याला, असं चालायचं नाही, कमिटीचा ठराव आहे. मी म्हणालो, ठराव तुम्ही शिवा. त्यांनी मशीनकडे बघितलं, एवढं जाड कापड शिवणारी मशीन गावात दुसरी नाही हे त्यांना माहीत आहे. मग त्यांनी साचे गुंडाळले आणि म्हणाले, निदान एक मागतो, पहिली पाच मिनिटं हुर्यो उडवू द्या, लोकांनी घसा तयार ठेवलाय. तेवढं मी मान्य केलं.

तेव्हा कापड असं लागणार. आणि या वेळी दुसरं टोक मी कठड्याला बांधणार नाही. कुणी धरलं तर सगळं वाचता येईल, नाहीतर नुसतं ‘भिंगरी’ दिसेल आणि ‘आमचा’ जमिनीवर पडून राहील.

थोरला

ता. क. हे मी लिहिते आहे, ‘आमची ही’. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय. तुम्ही कुठे नोकरी करता ते मला आणि धाकटीला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुम्ही दोघं काय लपवताय आणि कशावर रुसताय याची आम्हाला फोनवर चांगली करमणूक झाली. आता पुरे. या. येताना लाल एप्रन आणा, माझा अजून बिनखिशाचाच आहे.


९ नोव्हेंबर

साडूभाऊ आणि ताई,

बर्फाच्या पेट्या घेऊन टीमच्याच बसने येतोय. पेट्या उतरवल्या की पंचांची शिट्टी वाजेपर्यंत मी मोकळा, आणि नंतर मध्यंतरापर्यंतही मोकळा, कुणाला तोवर लचक भरली नाही तर.

एकच अडचण आहे. निळं जाकीट घालून हिरव्यांच्या स्टँडमध्ये शिरलो तर आपलेच लोक मला कठड्याला बांधतील, आणि हिरवा ट्रॅकसूट घालून निघालो तर बसमधून उतरवतील. कोट तुमच्याकडे अडकलाय. तेव्हा नुसत्या शर्टावर येईन. थंडी वाजली तर तुमच्यामुळे.

एप्रन घेतला आहे. दोन खिशांचा.

धाकटा


२४ नोव्हेंबर

धाकटे साडू,

सामन्याला तुम्ही होतात, तरी लिहितो, कारण तुमच्या टोकावरून तुम्हाला सगळं दिसलं नसणार. शिवाय तुम्ही डोळे मिटून होतात हे मला माहीत आहे.

अध्यक्षांची पाच मिनिटं झाली तेव्हा भिंगरीची मान खाली होती. दोन पास चुकले. हुर्यो काही थांबेना, कारण लोकांना एकदा सूर सापडला की पाच मिनिटं कोण मोजतं. मी कापड एकटाच छातीशी धरून उभा होतो. आणि मग बाजूने तुम्ही आलात, शर्टावर, कुडकुडत, खाली पडलेलं टोक उचललंत आणि तुमचा तो उतरता खांदा लावून वर केलंत. साडूभाऊ, त्या वेळी मला काय वाटलं ते मी लिहीत नाही, कारण पत्र हिच्या हातून पोस्टात जायचं आहे. पण कापड कठड्याने कधी एवढं ताठ धरलं नव्हतं.

तुम्हाला दिसलं नाही ते हे. खेकड्यांना कॉर्नर मिळाला, तोही आपल्याच स्टँडच्या बाजूला. तो चेंडू ठेवायला वाकला आणि सवयीने वर बघितलं. टिंब सापडलं. मग त्याने पुढे वाचलं. च च्या जागी आता नुसती भोकं आहेत आणि मागून ऊन असलं की ती चमकतात. त्याने ती बघितली. चेंडू तसाच सोडून सरळ उभा राहिला आणि हात कपाळावर, बरोबर टिंबाच्या जागी, टेकवला. आपल्या अर्ध्या स्टँडने हुर्यो थांबवली. अध्यक्षांना जोराचा खोकला आला, तो त्यांनी बराच वेळ पुरवला.

आणि मग त्या बेट्याने असा कॉर्नर मारला की खेकड्यांच्या उंच पोराने नुसतं डोकं लावलं आणि आपल्यावर गोल. अख्ख्या हिरव्या स्टँडमध्ये एकच माणूस ‘वा भिंगरी’ म्हणून ओरडला, आणि तो मी होतो. लोकांनी बघितलं. गाडीवाल्या मास्तरांची बायको म्हणाली, यांनाही कुणीतरी तिप्पट दिलेलं दिसतंय. शेवटी आपण बरोबरी केली म्हणून मी घरी धड पोचलो.

बस सुटण्याच्या गडबडीत कोट द्यायचा राहिला असं मी तुम्हाला म्हणालो, ते खोटं होतं. त्याचं एक काम शिल्लक होतं. तो आता या पार्सलात आहे. उजवा खांदा उतरता ठेवलाय. बाही शिवली आहे. डाव्या खिशावर खेकडा परत लावला आहे, जुन्याच भोकांतून, एकही नवं पाडलं नाही. नोकरी करताय ती उजळ माथ्याने करा, तो लपवून मला पुन्हा कोडं घालू नका.

अस्तराला मात्र कापड विकत आणलं नाही. तो सुटलेला च दुकानात भिंतीला टेकून उभा होता, दारभर उंच, जाड, चांगलं धुवट कापड. टाकवत नव्हता. तुमच्या पाठीच्या मापाला तो आडवा घालून पुरला आणि थोडा उरलाही. बर्फाच्या खोलीत ऊब देईल. बाहेरून कुणाला दिसणार नाही, बाहेर खेकडा आहे.

भिंगरी आमचा. तुम्ही मात्र आमचेच.

तुमचा,
थोरला साडू